अनुभव धागा : प्रार्थनेत लहान होताना

सांजपाखरू
गेल्या रविवारी उपासनेत बायबलमधल्या लूक 18 मधील परूशी आणि जकातदार यांचा दाखला (परूशी देवापुढे स्वतःची बढाई मारतो, जकातदार फक्त दया मागतो) वाचला गेला आणि मला नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरची संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आठवली. मी तेव्हा नववीत होते. पाळकसाहेबांच्या तोंडची सगळी विशेषणे मी पाठ केली होती, आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर ती एका दमात म्हणून, दुष्काळापासून माझ्या परीक्षेपर्यंत सारे विषय घेऊन, मी चांगली दहा मिनिटे प्रार्थना केली. पाहुण्यांनी कौतुक केले. आजीला सहीसुद्धा येत नव्हती, ती भाकरी वाढता वाढता एवढेच म्हणाली, "बाई, देवाला बातम्या दिल्यास. मागितलंस काय?" त्यानंतर कित्येक महिने मी मोठ्याने प्रार्थनाच केली नाही; तो रुसवा होता, नम्रता नव्हे, हे कळायला बराच काळ गेला. आता बोलण्याआधी थोडा वेळ गप्प बसते. आपले अनुभव जरूर लिहावेत.

वसईची_लेक
आमच्याकडे रात्रीची जपमाळ घरातल्या सर्वांत लहान मुलाने सांगायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून म्हणायची, अशी पद्धत होती. माझे वडील गावात मानाचे गृहस्थ होते, पण सात वर्षांच्या धाकट्या भावाच्या मागून ते गुडघे टेकून निमूटपणे म्हणत, आणि त्याने दहाऐवजी अकराव्यांदा मरियेची प्रार्थना सुरू केली तर तीही म्हणत. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, छातीवर हात मारून अपराध कबूल करणे मला कधी जड गेले नाही. मुलांची चूक न काढता त्यांच्या मागून म्हणणे मात्र आजही जमत नाही.

कोपऱ्यातला_बाक
मी रोज "प्रभो, मला नम्र कर" अशी प्रार्थना करतो, आणि रविवारी माझ्या नेहमीच्या बाकावर दुसरे कोणी बसलेले दिसले की ती अजून पोहोचलेली नाही, हे लक्षात येते.

ऋणको
येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ऋण्यांना ऋण सोडण्याची जी ओळ आहे, तिथे माझे अडते. धाकट्या भावाने दुकानासाठी चाळीस हजार रुपये नेले, ते परत आले नाहीत. दोन वर्षे मी ती ओळ ओठ न हलवता जाऊ दिली. चर्चमध्ये सगळे एका सुरात म्हणत असल्यामुळे कोणाला कळतही नसे. घरी एकट्याने म्हणताना मात्र लपायला जागा नव्हती. मत्तय 6 मध्ये खोलीचे दार लावून प्रार्थना करायला का सांगितले असावे, हे मला तेव्हा उमगले. पैसे मी मनातून अजून सोडलेले नाहीत. ओळ आता मोठ्याने म्हणतो, आणि तिथे आवाज पडतो.

भीमाकाठ
आजींचे बोलणे वाचून केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. 1922 साली त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. मीही आता घरात बोलते तशीच देवाशी बोलते, जरी मंडळीतील काहींना ते उणे वाटते.

सांजपाखरू
ऋणको, आज सकाळी मीही त्याच ओळीवर थांबले. भावाशी बोलणे आहे ना?

ऋणको
नाताळला त्याने करंज्यांचा डबा पाठवला होता. मी तो रिकामा परत पाठवला नाही, एवढेच.