या आठवड्यात तुम्हाला काय गवसलं? (खाणं, कला, भटकंती, काहीही)

दर रविवारी रात्री मला प्रश्न पडतो की हा आठवडा गेला कुठे. सोमवार आठवतो आणि मग डायरेक्ट शनिवारी वाळत घातलेले कपडे आठवतात, मधलं सगळं गायब. म्हणून गेले दोनेक महिने एक उद्योग सुरू केलाय, फ्रिजवर कागद लावलाय आणि खाण्यातलं, बघण्या-ऐकण्यातलं किंवा घराबाहेरचं काहीतरी नवीन सापडलं की त्यावर एक ओळ खरडायची. काही आठवडे कागद कोराच राहतो. एकदा तर फक्त "लिंबू आधी ओट्यावर दाबून लाटायचं, मग पिळायचं" एवढंच होतं, पण होतं!

तर तुमचंही सांगा. अट एकच, स्वतः केलेलं आणि याच आठवड्यातलं हवं. फसलेलं असलं तरी पळेल. "मरण्यापूर्वी बघायलाच हवीत अशी पन्नास ठिकाणं" छाप फॉरवर्ड कृपया नको.

सुरुवात मी करते. कांदा. हसू नका. इतकी वर्षं कांदा परततेय, आणि पाककृतीत "मंद आचेवर दहा मिनिटं, गोडसर तपकिरी होईपर्यंत" असं वाचलं की माझा कांदा दहा मिनिटांनी एकतर पांढराच नाहीतर कडेने जळका. मला वाटायचं माझ्याच हातात खोट आहे. या बुधवारी घरात एकटीच होते, मुद्दाम घड्याळ लावून केलं. चार मोठे कांदे उभे चिरले, जाड बुडाची कढई, तेल, चिमूटभर मीठ. पहिली पंधरा मिनिटं झाकण ठेवून नुसतं पाणी सुटत होतं. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि ते आहे तोवर कांदा 100 अंशांच्या फार वर जातच नाही, म्हणजे आपण तो परतत नसतो, उकडत असतो! तो तपकिरी रंग झपाट्याने चढायला 140 अंशांच्या आसपास जावं लागतं. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 साली ही रासायनिक भानगड लिहून ठेवलीये आणि पाककृती लिहिणारे अजून दहा मिनिटांवरच अडलेत. पंचविसाव्या मिनिटाला बुडाला तपकिरी थर धरायला लागला, मी घाबरून गॅस बंद करणार होते पण दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने खरवडलं तर तो सगळा रंग कांद्याने ओढून घेतला. असं चार वेळा. एकूण अठ्ठेचाळीस मिनिटं. चार कांद्यांचा जेमतेम वाटीभर गोळा उरला, मधाच्या रंगाचा, साखरेचा कणही न घालता गोड. त्यातला निम्मा मी ओट्याशी उभ्याउभ्या चमच्याने संपवला आणि उरलेला कशात घालायचा होता तेच विसरले.

*

कांदेवाल्या ताई, चिमूटभर खायचा सोडा टाकलात तर वेळ बराच वाचतो. फक्त कांद्याचा लगदा होतो. मी करून बघितलंय, चवीला ठीक, दिसायला भयंकर.

*

माझं बाहेरचं आहे आणि अर्धं फसलेलं आहे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं हे बरीच वर्षं ऐकून होतो, कधी बघितलं नव्हतं. या आठवड्यात नासाचं स्पॉट द स्टेशन अ‍ॅप टाकलं, आपल्या डोक्यावरून कधी जाणार ती वेळ आणि दिशा त्यात कळते. सोमवारी गच्चीवर गेलो, ढग. मंगळवारी गेलो, वेळ बरोबर पण मी तोंड नेमकं उलट्या दिशेला करून उभा, लेकीने हाक मारेपर्यंत ते डोक्यावरून पुढे गेलेलं. गुरुवारी जमलं. विमानासारखं लुकलुकत नाही, आवाज तर नाहीच, एकसारखा पांढरा ठिपका शांतपणे सरकत येतो, मी बघितला तेव्हा आकाशातल्या प्रत्येक ताऱ्यापेक्षा तेजस्वी होता. साधारण 400 किलोमीटर उंचीवर असतं ते आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी. आत माणसं आहेत हो! नोव्हेंबर 2000 पासून ते एक दिवससुद्धा रिकामं राहिलेलं नाही, म्हणजे माझी लेक जन्मल्यापासून कायम कोणी ना कोणी तिथे वर आहे हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांचा कचरा कोण टाकतं?"

पण खरी गंमत शेवटची. ते क्षितिजापर्यंत जाऊन मावळेल असं मला वाटत होतं. नाही. आकाशाच्या मधेच, एकही ढग नसताना, जरासं लालसर झालं आणि दोन-तीन सेकंदांत विझलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. मग डोक्यात प्रकाश पडला की ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. त्याला स्वतःचा दिवा नाहीच, आपल्याकडे अंधार झाला तरी इतक्या उंचीवर अजून ऊन असतं म्हणून ते चमकतं, ते ऊन संपलं की खेळ खल्लास. म्हणूनच संध्याकाळी नाहीतर पहाटेच दिसतं, मध्यरात्री सहसा नाही. सावली बघितली मी, पृथ्वीची, गच्चीवरून, चपला घालून.

*

वरच्या दादांनी गच्ची काढलीच आहे तर घरात जुनी दुर्बीण असेल तर गुरूवर धरा. माझ्याकडे 10 बाय 50 ची (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची) आहे, माळ्यावर पडलेली. हातात धरून काही दिसत नाही, सगळं नाचतं. कोपर कठड्यावर टेकवून, श्वास रोखून बघितलं तर गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र. शुक्रवारी तीन, काल चार! गॅलिलिओला जानेवारी 1610 मध्ये अगदी असंच झालं होतं, आधी तीन दिसले आणि चौथा काही दिवसांनी. त्याला त्यातून कळलं की सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, मला कळलं की माझी मान दुखते. आरामखुर्ची घेऊन जा.

*

मी घराबाहेर पडलेच नाही या आठवड्यात, ताप होता. पण अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच' या चित्राचा एक प्रचंड फोटो साइटवर ठेवलाय, 717 गिगापिक्सेलचा (म्हणजे 717 अब्ज ठिपक्यांचा), 2022 पासून आहे म्हणे, फुकट. पडल्यापडल्या तोच मोठा करून बघत बसले. कितीही आत जा, चित्र फुटत नाही, शेवटी रंगाला गेलेल्या तड्यांमध्ये पोचतो आपण. मी शाळेत असताना पुस्तकात हे चित्र काडेपेटीएवढं बघितलेलं, काळपट, बरीच माणसं, कंटाळवाणं. आता तीन दिवस बघतेय तर, मधला तो काळ्या कपड्यातला कॅप्टन बोलताबोलता हात पुढे करतो ना, त्या हाताची सावली शेजारच्या पिवळ्या कपड्यातल्या लेफ्टनंटच्या अंगरख्यावर पडलीये. पाची बोटांची. बोटं जणू त्या जरीला धरतायत. आणि उजवीकडे खाली एक कुत्रा ढोलवाल्यावर भुंकतोय! म्हणजे एवढे सगळे लोक भाले-बंदुका घेऊन ऐटीत उभे आणि कुत्र्याला फक्त ढोलाची चीड.

चित्र 1642 चं आहे आणि 1715 मध्ये टाउन हॉलच्या भिंतीवर बसत नव्हतं म्हणून चारही बाजूंनी कापलं. कापलं!! पडदा आखूड करावा तसं. हे वाचून माझा ताप चढला असावा.

*

कापल्याचं माहीत नव्हतं. आता झोप नाही येणार.

*

खाण्यातलं छोटंसं. टोमॅटो फ्रिजबाहेर ठेवले आठवडाभर. थंडीत त्यांचा वास मरतो असं ऐकलं होतं, म्हणून एकाच दिवशी आणलेले अर्धे आत अर्धे बाहेर ठेवले आणि चौथ्या दिवशी नवऱ्याचे डोळे बांधून खायला घातले. तीनपैकी तिन्ही वेळा त्याने बाहेरचा ओळखला. नंतर म्हणाला, गार लागला तो फ्रिजमधला, त्यात काय ओळखायचं. झालं, प्रयोग बाद. पुढच्या वेळी आतले आधी तासभर बाहेर काढून ठेवणार आहे.

*

हाहा, डोळे बांधून! आमच्याकडे असं काही केलं तर आधी वकील बोलावतील.

मी मुलाला घेऊन जिओकॅशिंगला गेलो पहिल्यांदाच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोणीतरी कुठेतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश टाकतं आणि आपण फोन घेऊन ती शोधायची, आत कागदाची गुंडाळी असते त्यावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच परत ठेवायची. हा खेळ सुरू व्हायचं कारण मस्त आहे. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम गडबड करायची, सामान्य माणसाला शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. मे 2000 च्या सुरुवातीला ती गडबड बंद केली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगनमध्ये एकाने जंगलात बादली पुरून आकडे जाहीर केले, बघू सापडते का. सापडली.

आम्हाला मात्र पन्नास मिनिटं लागली. फोन म्हणतो पोचलात, आणि आम्ही दाट झाडीखाली बाण कधी इकडे कधी तिकडे असे गोल फिरतोय (झाडांखाली सिग्नल बिघडतो हे नंतर कळलं). एक आजोबा बाकावर बसून आमच्याकडे संशयाने बघत होते, चौथ्या फेरीला त्यांनी विचारलंच, काय हरवलंय? खरं सांगितलं तर उठून तेही शोधायला लागले. डबी होती त्यांच्याच बाकाच्या खाली, लोखंडी पट्टीला चुंबकाने चिकटवलेली. ते रोज तिथे बसतात म्हणे. कागदावर आम्ही तिघांनी नावं लिहिली, आजोबांनी सगळ्यात मोठ्या अक्षरात.

*

आजोबा बेस्ट.

*

मी मर्लिन अ‍ॅपवर पक्ष्यांचे आवाज ओळखायला बसले पहाटे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, आपल्या भागाची फाइल एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. आवाज येतो तसा स्क्रीनवर त्याचा आलेख सरकतो आणि नाव पिवळं होतं. पहिल्या दिवशी काहीच नाही आलं कारण मी फोन माइकवर बोट ठेवून धरला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि आलेखभर त्याच. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांत सात नावं. ज्याला मी कायम "तो एक पक्षी" म्हणायचे तो चार वेगवेगळे पक्षी निघाले.

*

रेडिओ गार्डन. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबलं की तिथलं रेडिओ स्टेशन सुरू. भांडी घासताना लावतो. काल कुठलीतरी अजिबात न कळणारी भाषा लागली, बाई बोलतायत, बोलतायत, आणि एक मिनिटात मला कळलं की हे हवामानाचं वार्तापत्र आहे. तोच सूर! गावागावाची नावं घेत खाली उतरत येणारा. भाषेचा एक शब्द येत नाही पण तिकडे कुठेतरी उद्या पाऊस आहे एवढं मला बहुतेक समजलं.

*

धागा काढणारी परत आलेय. कागदावर जागा संपली, मागची बाजू सुरू केलीये. सोडा टाकून कांदा केला, खरंच लगदा झाला, घरच्यांना चटणी म्हणून वाढला. टोमॅटो बाहेर काढलेत. दुर्बीण शेजाऱ्यांकडे आहे असं कळलंय, मागायची कशी ते बघते.

आज स्थानक सहा चाळीसला आहे आमच्याकडे, चार मिनिटं. आत्ता सहा वीस झालेत आणि आभाळ गच्च भरलंय. तरी वर जातेय, कोण जाणे.