खुंट जिवंत असताना रोपं कशाला?

कोकणात जमीन घेऊन तिथे पुन्हा जंगल उभं करू पाहणाऱ्यांना "जमीन घेतली की पहिल्या पावसातच एकरी हजार रोपं लावा" असं सुचवलं जातं, ते मला पटत नाही. कोकणात तोड झालेल्या उतारावर ऐन, किंजळ, जांभळाचे खुंट बहुधा जिवंत असतात. एकेका खुंटाला धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. त्यातले जमिनीलगतचे दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे कोयत्याने काढायचे. मुळं आधीच खोल गेलेली, त्यामुळे नर्सरीतलं रोप त्यांच्या वेगाला पुरं पडत नाही. रानमोडी (झपाट्याने पसरणारं परकं तण) मात्र फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायची, आणि गवत वाळायला लागलं की हद्दीवर जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची. मुंबईत राहून हे जमत नाही, गावातला माणूस पगारावर ठेवावाच लागतो.

आणि विसार देण्याआधी सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना वाचा. १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याची (ज्याने खाजगी वनं सरकारजमा झाली) नोंद किंवा कुळाचं नाव दिसलं, तर आधी वकील गाठा.