मदत हवी आहे: सिप्रोफ्लॉक्सासिनचं लक्ष्य बदलतं कसं?

नमस्कार मंडळी, मी बी.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे.

डीएनएला पडणारा पीळ सोडवताना जिवाणूचं जायरेज हे विकर (एन्झाइम) दोन्ही धागे कापतं आणि पुन्हा जोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) त्याला नेमकं कापल्यानंतर तिथेच अडकवतं, मग जोडणी होतच नाही. जिवाणूचं स्वतःचं विकर त्याच्याच जिवावर उठतं, हे मला फार विलक्षण वाटतं!

प्रश्न असा: ई. कोलाय या जिवाणूमध्ये या औषधाचं मुख्य लक्ष्य जायरेज, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूमध्ये टोपोआयसोमरेज-४, म्हणजे जायरेजसारखंच धागे कापून जोडणारं दुसरं विकर. दोन्ही विकरं दोघांकडेही असताना हा फरक का पडतो? विकरांच्या रचनेमुळे की आणखी कशामुळे? कुणी सविस्तर समजावेल का? आकृती असेल तर फारच उत्तम.