प्रतिसाद: इजेनला एन-९५ मास्क पुरेल का?

इजेन हा इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा ज्वालामुखी; एन-९५ इथे उपयोगाचा नाही. तो धूळ अडवतो. इजेनच्या विवरात सल्फर डायऑक्साइड असतो आणि हा वायू एन-९५ मधून सरळ आत येतो. आम्लवायूसाठीची काडतुसं (वायू गाळणारे डबे) असलेला रबरी मास्कच हवा. भाड्याने मिळतो, पण तपासूनच घ्या: तोंडावर आवळा, दोन्ही काडतुसांवर तळवे घट्ट दाबा आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. कडेने हवा शिरली तर दुसरा मागा. दाढी असेल तर नीट बसतच नाही. मास्क घालूनही गंधकाचा दर्प येत असेल तर काडतूस संपलंय किंवा मास्क नीट बसलेला नाही, विवरातून परत वर या.

पालतुडिंगपासून (जिथून चढाई सुरू होते) विवराच्या कडेपर्यंत साधारण ३ किमी चढ आहे, रस्ता रुंद. खरी कसोटी पुढे, आत उतरताना: सुटे दगड, रात्रीचा अंधार, आणि समोरून ७०-८० किलो गंधक खांद्यावर घेऊन येणारे कामगार. त्यांना वाट आधी, आपण डोंगराच्या बाजूला सरकायचं.

सोबत दमा असलेलं कुणी असेल तर त्यांनी कडेवरच थांबावं, आणि त्यांच्याजवळ एकाने राहावं. हे हॉटेलवरच ठरवा. तिथे अंधारात वाद घालत बसू नका. वारा फिरून धूर अंगावर आला तर पळू नका, धुराला आडवं चालत बाजूला व्हा. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, डोळे चुरचुरतात.

बालीहून जाणार असाल तर जावाचं घड्याळ एक तास मागे आहे, गाडी ठरवताना वेळ कुठली ते विचारून घ्या.