आई-भाऊ भारतात, सातबाऱ्यावर माझं नाव. अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी २०१९ साली अमेरिकेचा नागरिक झालो, मेरीलँडमध्ये असतो. कंपनी मला संरक्षण खात्याच्या एका प्रकल्पावर घेतेय, त्यासाठी सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागणार. तिच्या अर्जाचा एसएफ-८६ फॉर्म भरायला बसलो आणि कलम १८ वर, म्हणजे नातेवाइकांच्या भागात, तीन रात्री अडकलोय.

आई वाईजवळच्या गावी. भाऊ राज्याच्या जलसंपदा खात्यात अभियंता. सासू-सासरे पुण्यात. आईला दर महिन्याला पैसे पाठवतो. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, तेव्हा आईबरोबर आम्हा दोघा भावांची नावं सातबाऱ्यावर लागली. दीड एकर ऊस आहे. ऑफिसातला एक जण म्हणाला, "भाऊ सरकारी नोकरीत आहे हे लिहिलंस की संपलं." आईशी रोज बोलतो, ते काही महिने कमी करावं का असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

शेणोलीची लेक:
आईचा फोन अजिबात कमी करू नका. चार वर्षांपूर्वी मी याच जागी बसून रडले होते, म्हणून सविस्तर लिहितेय.

८ जून २०१७ पासून क्लिअरन्ससाठी सगळ्यांना एकच निकष लागू आहेत, एकूण १३. त्यातला दुसरा, गाइडलाइन बी, आपल्यासारख्यांचा: फॉरेन इन्फ्लुअन्स, म्हणजे परदेशी प्रभाव. नातेवाईक परदेशात असणं हा गुन्हा नाही. तिथलं कोणी त्यांच्यामार्फत तुमच्यावर दबाव आणू शकेल का, आणि तशी वेळ आली तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल, एवढंच तपास करणारे बघतात. देश कोणता हेही बघतात. भारत मित्रदेश आहे, पण औद्योगिक हेरगिरी आणि दहशतवाद हे मुद्दे भारताच्या बाबतीतही निकालांत येतात, तेव्हा "आपल्याला काय होतंय" असं समजू नका.

आई, भाऊ, सासू-सासरे कलम १८ मध्ये येतात. मेहुणे, मावसभाऊ, मित्र यांच्याशी जवळचा संपर्क असेल तर कलम १९. शेती आणि आईला पाठवलेले पैसे २० अ मध्ये. आईशी "कधीतरीच बोलतो" असं लिहिण्यात अर्थ नाही. रक्ताचं नातं वरवरचं नसतं हे ते धरूनच चालतात, आणि सासरच्या माणसांबद्दलही तसंच मानतात.

माझी बहीण तिकडे राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. तपासाच्या मुलाखतीला आलेले गृहस्थ वयस्कर होते, पिवळ्या वहीत हाताने लिहून घेत होते. बहिणीचं नाव निघालं तशी त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "उद्या तिला कोणी त्रास दिला आणि तुमच्याकडे काही मागितलं, तर?" मी म्हटलं, "त्याच दिवशी आमच्या सिक्युरिटी ऑफिसरला सांगेन." माझा आवाज कापत होता. त्यांनी मान हलवली, परत वही उचलली. पुढचा पाऊण तास इथल्या घराबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल, ४०१(के)बद्दल, म्हणजे निवृत्तीच्या बचतीबद्दल. तुमचं आयुष्य इथे किती रुजलंय हे तिकडच्या नात्यांच्या समोर तोलतात, म्हणून इथले सगळे कागद नीट लावून ठेवा. मला अकरा महिने लागले. इंटरिम, म्हणजे तपास चालू असतानाचं तात्पुरतं क्लिअरन्स, मिळालं नव्हतं. तुम्हालाही नाही मिळालं तर खचू नका.

पाटलाचा वाडा:
ताईंनी लिहिलंय ते बरोबर. एक भर घालतो: लपवणं हे नात्यापेक्षा कितीतरी जास्त नडतं. माझ्या ओळखीतल्या एकाने मेहुणा सैन्यात आहे हे "विसरून" टाकलं. मुद्दा गाइडलाइन बी वरून गाइडलाइन ई वर गेला, म्हणजे प्रामाणिकपणावर. मेहुण्याचं स्पष्टीकरण देता आलं असतं, लपवण्याचं देता येईना. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हाही आहे.

नकाराची वेळ आलीच, तर आधी 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' येतं, कोणत्या मुद्द्यावर आक्षेप आहे ते लिहिलेलं. तुमच्यासारख्या कंत्राटदार कंपनीच्या माणसाला लेखी उत्तराला २० दिवस असतात, सुनावणीही मागता येते. ते पत्र आलं तर वकील गाठा, एकट्याने उत्तर लिहू नका. शंका राहिली तर निर्णय सरकारच्या बाजूने जातो, म्हणून प्रत्येक गोष्टीला कागद हवा. भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट आहे ना जवळ?

कृष्णाकाठ:
सरेंडर सर्टिफिकेट आहे. ताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं.

आज भावाला सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती, पण तो म्हणाला, "माझा हुद्दा नीट लिही, उपविभागीय अभियंता, शाखा अभियंता नव्हे, बढती झालीय." दहा मिनिटांत सातबाऱ्याचा फोटो पाठवला. शेताची किंमत डॉलरमध्ये अंदाजे लिहायची आहे, तर गावातल्या अलीकडच्या व्यवहाराचा भाव धरू की रेडीरेकनरचा?

शेणोलीची लेक:
मी व्यवहाराचा भाव धरला होता, आणि तो कुठून घेतला हे शेरा लिहायच्या चौकटीत एका ओळीत लिहिलं होतं. तुमचा हिस्सा किती ते स्पष्ट लिहा, आणि आई-भाऊ सहमालक आहेत हेही.