'जीन थेरपी घ्याल का?' सिकलसेल कुटुंबांना हा प्रश्न नेमका कसा विचारायचा?

प्रश्नावली_४२

गोंदिया आणि गडचिरोलीतल्या सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा, तीव्र दुखणं आणणारा आनुवंशिक आजार) कुटुंबांसाठी प्रश्नावली तयार होते आहे. लोक जीन थेरपी घ्यायला कितपत तयार आहेत, एवढंच शोधायचं आहे. सध्याचा मुख्य प्रश्न असा: 'सिकलसेल बरा करणारी जीन थेरपी उपलब्ध झाली तर तुम्ही घ्याल का? होय / नाही / सांगता येत नाही.'

अडचण ही की चाचणी मुलाखतींत जवळपास सगळेच 'होय' म्हणतात. त्यातून काहीच हाती लागत नाही. विचारायचं ते असं:

१. प्रश्नाआधी उपचाराची माहिती किती द्यावी? जास्त सांगितलं तर आपणच घाबरवल्यासारखं होतं.
२. धोका आकड्यांत कसा सांगायचा? बऱ्याच जणांना टक्केवारी समजत नाही.
३. किती जणांना विचारावं?
४. १२ ते १८ वयाच्या मुलांना वेगळं विचारावं का?

वैनगंगाकाठ

'बरा करणारी' आणि 'उपलब्ध झाली तर' हे दोन्ही शब्द आधी काढा. बरं व्हायला नको असं कोण म्हणेल? तुमच्या प्रश्नाला लोक 'दुखणं नको' असं उत्तर देतायत, थेरपीला नव्हे.

तयारी ही एकच गोष्ट नाही. उपचाराला पाच-सहा टप्पे आहेत आणि माणूस त्यातल्या कुठल्याही टप्प्यावर मागे फिरू शकतो. म्हणून टप्प्याटप्प्याने विचारा. कॅसजेव्ही या जीन थेरपीला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजुरी दिली, तीही १२ वर्षं आणि त्यावरच्या, वारंवार तीव्र दुखणं येणाऱ्या रुग्णांसाठी. त्याचा क्रम असा आहे:

आधी किमान ८ आठवडे रक्त बदलत राहायचं, म्हणजे आजाराचं सिकल हिमोग्लोबिन (एस) ३० टक्क्यांखाली राहतं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषधही पेशी गोळा करण्याच्या ८ आठवडे आधी बंद. मग प्लेरिक्साफॉरचं इंजेक्शन देऊन अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवतात. दात्याच्या मूळपेशी गोळा करताना नेहमी देतात ते जी-सीएसएफ सिकलसेलमध्ये देत नाहीत, कारण पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या की जीवघेणं दुखणं उठू शकतं. पेशी मशीनने गोळा करतात. प्लेटलेट दान करताना असतं तसंच मशीन, फक्त बऱ्याचदा मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. एका फेरीत काम भागेलच असं नाही. चाचण्यांत रुग्णांना साधारण दोन फेऱ्या लागल्या, काहींना सहापर्यंत.

आकडे आपल्या मापात सांगतो. किलोमागे २ कोटी मूळपेशी गोळा करायचं लक्ष्य असतं. ४० किलोच्या मुलासाठी ८० कोटी. परत देताना किलोमागे निदान ३० लाख, म्हणजे त्याच मुलाला १२ कोटी. शिवाय काही बिघडलं तर म्हणून किलोमागे २० लाख पेशी न बदलता गोठवून ठेवतात. 'इतक्या काढल्या तर अंगात राहतील किती?' असा प्रश्न येईलच, मुलाखत घेणाऱ्याकडे उत्तर तयार हवं: मज्जा नव्या पेशी बनवत राहते.

पेशी प्रयोगशाळेत गेल्या की बीसीएल-११-ए नावाच्या जनुकाचा एक भाग कापतात. बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद ठेवणारा खटका तिथे असतो, तो निकामी केला की ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. यात सहा महिन्यांपर्यंत जातात. हे सहा महिने प्रश्नावलीत हमखास सुटतात. तोवर रुग्ण घरी असतो आणि दुखणं सुरूच असतं.

पुढचा टप्पा सगळ्यात अवघड: चार दिवस बुसल्फान. कॅन्सरच्या उपचारात वापरतात त्याच जातीचं औषध. जुनी मज्जा पूर्ण मोकळी करायची आणि मग बदललेल्या पेशी द्यायच्या. तोंडात फोड, केस गळणं, यकृताला धोका, वंध्यत्वाची शक्यता. इस्पितळात चार ते सहा आठवडे. चाचणीत पांढऱ्या पेशी परत यायला साधारण २७ दिवस लागले, प्लेटलेटला ३५.

'किमोथेरपीसारखं औषध' एवढे शब्द आले की होयचं कदाचित होतं. माणूस कचरतोय असं समजू नका, त्याला गोष्ट आत्ता कुठे कळली आहे.

चिंचोके_घ्या

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: टक्के विसरा, ताट आणि चिंचोके घ्या.

कॅसजेव्हीच्या चाचणीत मूल्यमापन झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग निदान १२ महिने तीव्र दुखणं आलं नाही. ताटात ३१ चिंचोके मांडा, त्यातले दोन लाल रंगवलेले. 'या दोघांना उपचार घेऊनही वर्षभर दुखण्यातून सुटका मिळाली नाही,' असं म्हणून लाल चिंचोके त्याच्या हातात द्या. शंभराचं ताट मांडायचा मोह टाळा. ३१ जणांचा अनुभव शंभरावर पसरला की खूप लोकांवर तपासून झालंय असा भास होतो, तो खोटा. एवढ्याच लोकांवर पाहिलंय हे ताटातच दिसलं पाहिजे.

मग उंबरठा शोधा. एक लाल, बाकी सगळे चिंचोके पांढरे ठेवून 'एवढ्या लोकांनी घेतली आणि एक दगावला, तरी घ्याल?' असं विचारा. पुढे दोन, मग पाच, मग दहा. जिथे नाही म्हणतील तो त्यांचा उंबरठा. या वेळी मात्र ताट शंभराचंच ठेवा आणि प्रत्येक घरात तेच. मध्ये पन्नासाचं ताट आणलं की दहा लाल चिंचोके दुप्पट भयानक दिसतात. मुलाखतकार बदलला की हा घोटाळा नेहमी होतो. आकडे वाढत वाढत विचारले की उत्तर एक येतं, उलट क्रमाने विचारले की वेगळं. निम्म्या घरांत उलटा क्रम ठेवा.

आणि 'क्वचित', 'कधीकधी', 'शक्यता' हे शब्द प्रश्नातून काढा. 'शक्यता आहे' म्हटलं की ऐकणारा 'होणारच' असं धरतो. 'क्वचित' म्हणजे काहींना वर्षातून एकदा, काहींना गावात एखादाच.

त्या चाचणीत एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. कोविडमुळे श्वसन बंद पडलं, बुसल्फानने फुप्फुसाला झालेली इजाही कारण असू शकते. कॅसजेव्हीच्याच दिवशी अमेरिकेत मंजूर झालेल्या लिफजेनिया या दुसऱ्या जीन थेरपीवर रक्ताच्या कॅन्सरचा ठळक इशारा छापलेला आहे. दोन्ही औषधांची माहिती एकत्र करून 'जीन थेरपीचा धोका' असं एकच वाक्य लिहू नका. कॅसजेव्हीत जनुक कापतात, लिफजेनियात विषाणूच्या खोक्यातून नवं जनुक आत घालतात. धोके वेगळे आहेत.

सासूबाईंसमोर_नको

वरच्या उत्तरांत एक गोष्ट अर्धीच आली. वंध्यत्व. गडचिरोली असो की पुणे, यावरच घरातलं खरं उत्तर ठरतं. ते उत्तर सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेला असताना मिळत नाही. बाईची मुलाखत बाईने, वेगळ्या खोलीत घ्यावी. खोली नसेल तर विहिरीच्या वाटेवर.

नुसतं 'मूल होण्यात अडचण येऊ शकते' लिहू नका. पुढचं विचारा: मुलग्याचं वीर्य किंवा मुलीची स्त्रीबीजं आधी गोठवून ठेवायला तयार आहात का? स्त्रीबीजांसाठी साधारण दोन आठवडे संप्रेरकांची इंजेक्शनं लागतात आणि सिकलसेलमध्ये रक्त गोठण्याचा धोका असल्याने ते डॉक्टरांच्या नजरेखालीच होतं. वयात न आलेल्या मुलाचं वीर्य मिळतच नाही. त्या घराचा प्रश्न वेगळा लिहा.

दुसरा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा: 'उपचार झाला म्हणजे पुढच्या पिढीला सिकलसेल होणार नाही.' चूक! बदल होतो तो फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींत. बीजांड आणि शुक्राणू होते तसेच राहतात. एसएस (दोन्ही जनुकं सिकलची असलेला) रुग्ण थेरपीनंतरही प्रत्येक मुलाला एक एस जनुक देतोच, आणि जोडीदार एएस (एकच सिकल जनुक असलेला वाहक) असेल तर मूल एसएस होण्याची शक्यता निम्मी. कॅसजेव्हीनंतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासणीत एस दिसतोच, फक्त बाळपणीचं हिमोग्लोबिन भरपूर वाढलेलं असतं. म्हणजे लग्नाआधी दोघांची सिकलसेल कार्डं जुळवणं सुटत नाही. मुलाखत सुरू करण्याआधी हे विचारून नोंदवा: 'उपचारानंतर मुलांना आजार होईल का?' ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांचं 'घेईन' वेगळ्या रकान्यात. ते वेगळ्याच वस्तूला होकार देतायत.

चौथ्या प्रश्नाबद्दल: होय, वेगळं. मुलांना स्वतःचं मत असतं, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शनात संशोधनात ७ ते १८ वयाच्या मुलांची संमती पालकांच्या परवानगीव्यतिरिक्त घ्यावी लागते. आई 'होय' आणि मुलगा 'नाही' असं आलं तर एकाचं उत्तर पुसू नका, जोडी म्हणून नोंदवा. तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं काही निघालं तर तिथेच.

आकडेमोड

तिसरा प्रश्न. निम्मे लोक 'होय' म्हणतील असं गृहीत धरलं आणि ५ टक्क्यांची चूक चालत असेल तर ३८४. गावागावांतून घेणार म्हणजे एकाच पाड्यातली उत्तरं एकसारखी येतात, म्हणून दीडपट करा: ५७६. इतकी माणसं जमत नसतील तर १० टक्क्यांच्या चुकीला ९६, दीडपट करून १४४ पुरतात, पण त्यावरून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करू नका.

एका घरातले चारजण म्हणजे चार नोंदी नव्हेत. वाहक आणि रुग्ण एकाच बादलीत टाकू नका, एएसला थेरपी लागतच नाही. सिकलसेल म्हणजे आदिवासी असं धरून नमुना निवडू नका, विदर्भात अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजांतही तो भरपूर आहे. आजार किती तीव्र आहे हे प्रत्येकासाठी टिपा. चाचणीत वर्षाला निदान दोन तीव्र दुखणी, तीही सलग दोन वर्षं, अशी अट होती. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. काहींचा आजार सौम्य चालतो, काहींचा अजिबात नाही. सौम्यवाल्याने 'नको' म्हणणं हे योग्य उत्तर आहे, अडाणीपणा नव्हे. तुमच्या तक्त्यात ते 'जागरूकतेचा अभाव' म्हणून छापलं तर भांडायला येईन.

प्रश्नावली_४२

सगळ्यांचे आभार, टप्पे वेगळे करतोय. चिंचोक्यांचा प्रयोगही घेतो. पण पैशाचं काय? कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. ती सांगितली तर सगळे हसतील. न सांगितली तर फसवणूक होते.

वैनगंगाकाठ

पैशाचा प्रश्न शेवटी, आणि दोनदा. एकदा 'पूर्ण मोफत असेल तर', एकदा 'प्रवास, राहणं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी तुमची असेल तर'. आपल्याकडे प्रत्यक्षात दुसराच भाग अडतो. चार-सहा आठवडे आई इस्पितळात म्हणजे धान कापणी गेली.

किंमत हे एकच कारण नसतं, याला हिमोफिलियाचं (रक्त न गोठण्याचा आजार) उदाहरण आहे. फायझरची बेक्वेझ ही त्यावरची जीन थेरपी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने ती बंद केली. रुग्ण आणि डॉक्टरांचा प्रतिसाद कमी, असं कारण दिलं. हाताशी चांगली इंजेक्शनं असली की लोक थांबून पाहतात. म्हणून पर्याय शेजारी ठेवूनच विचारा: हायड्रॉक्सियुरिया रोज, किंवा भावंडाची मज्जा. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक, आणि ते भावंड एएस असलं तरी दाता म्हणून चालतं. हे कित्येक घरांना कोणी सांगितलेलंच नसतं.

अजून एक प्रश्न वाढवा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, म्हणून काही घरांत दिव्यांग प्रमाणपत्र असतं. उपचारानंतर ते जाईल अशी धास्ती असेल तर ती 'नाही'मागे लपते. थेट विचारा.

सासूबाईंसमोर_नको

'उपलब्ध' शब्द अजून तुमच्या मसुद्यात दिसतोय. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेल्या 'बिरसा १०१' या सिकलसेलवरच्या जीन थेरपीची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरमकडे गेलं, हे बातमीत ऐकलेले लोक 'कुठे मिळते?' असं विचारणार. त्यांना 'अजून नाही, अभ्यास चालू आहे' हे सांगायची जबाबदारी मुलाखतकाराची. ही प्रश्नावली म्हणजे यादीत नाव घालणं नव्हे, हे संमतीपत्राच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहा.

प्रश्नावली_४२

सुधारलेला मसुदा: 'या उपचारात तुमच्या रक्तातल्या काही पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, सहा महिन्यांनी नव्या पेशी परत देतात. त्याआधी चार दिवस कडक औषध आणि नंतर चार ते सहा आठवडे इस्पितळ. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं: नक्की घेईन / बहुतेक घेईन / ठरवता येत नाही / बहुतेक नको / नक्की नको.'

चिंचोके_घ्या

'नव्या पेशी' ऐवजी 'तुमच्याच त्या पेशी' लिहा. नव्या म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, 'कोणाच्या?' आणि मग अर्धा तास दात्यावरच जातो. 'कडक औषध'ही बदला. कडक म्हणजे चांगलं, असं समजणारे बरेच निघतील.