रोज अर्धा तास खेळायला छोटे अ‍ॅक्शन गेम सुचवा, मेलो तर चूक माझीच वाटली पाहिजे

चाकण_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. सेकंड शिफ्टला असतो, घरी येऊन जेवण होईपर्यंत एक वाजतो आणि झोप यायच्या आत जो अर्धा पाऊण तास मिळतो तेवढाच काय तो माझा. मित्राकडे मोठे गेम खेळून बघितले, पहिला तासभर नुसत्या गप्पा आणि कटसीन (मधले सिनेमासारखे प्रसंग), हातात काही येईपर्यंत माझे डोळे मिटायला लागतात. तसेही ते माझ्याकडे चालणार नाहीत, लॅपटॉप आठ वर्षं जुना, चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

लहानपणी आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, तिथे रुपया टाकून मुस्तफा खेळायचो. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, आमच्याकडे ते टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानेच चालायचं. नाणं टाकलं की दुसऱ्या सेकंदाला मारामारी सुरू, तसं काहीतरी पाहिजे. सेलमध्ये दोन स्वस्त छोटे गेम घेतले पण दोन्ही फुकट गेले, एकात बटण दाबलं तरी उडी लागत नाही आणि दुसऱ्यात शत्रू स्क्रीनच्या बाहेरून गोळी घालतो, दिसायच्या आधीच मेलेलो असतो. मरायला माझी ना नाही, शंभर वेळा मरीन, पण मेल्यावर "हां, इथे मी चुकलो" असं वाटलं पाहिजे. असे गेम कुठले? आणि काही गेममध्ये मेल्यावर राग येतो आणि काहींमध्ये परत खेळावंसं वाटतं, हा फरक नेमका कशाने पडतो हे पण कोणी सांगितलं तर बरं होईल.

खारी_आणि_चहा

भावा, तुझ्या शेवटच्या वाक्याचं उत्तर म्हणजे सेलेस्ट. २०१८ चा गेम आहे, मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते एवढीच गोष्ट. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी पिको-८ वर (छोटे रेट्रो गेम बनवायचं सॉफ्टवेअर) चार दिवसांत एक छोटा गेम केला होता त्यातून हा वाढवला. तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल, माझा पण चार जीबीचाच आहे.

आता उडीचं सांगतो कारण तुझा राग तिथूनच सुरू झालाय. कड्याच्या टोकावरून पळत जाताना आपण उडीचं बटण दाबतो तेव्हा बऱ्याचदा पाय आधीच कड्यावरून सुटलेला असतो, डोळ्याला कळत नाही. कडक गेम म्हणतो तू हवेत होतास, उडी नाही, आणि आपण म्हणतो मी दाबलं होतं की! सेलेस्टमध्ये पाय सुटल्यावरसुद्धा सेकंदाचा दहावा भाग उडी चालते. याला कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला कायोटी नावाचा तो कोल्हा कड्याबाहेर जाऊन हवेत क्षणभर थांबतो त्यावरून. जमिनीवर टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून टेकल्या टेकल्या उडी देतो, डोकं छताच्या कोपऱ्याला अगदी थोडंसं घासलं तर आपोआप बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त वाटतं की मी बरोबर खेळलो. आणि म्हणूनच मेलास तर तू खरंच मेलेला असतोस, कारण गेमने आधीच तुझी बाजू घेतलेली असते.

दुसरं म्हणजे मेल्यावर लोडिंग वगैरे काही नाही, सेकंदाच्या आत त्याच खोलीच्या दारात उभा. आपल्या पार्लरच्या मशीनला तू मरायलाच हवा होतास, रुपया संपला पाहिजे ना, म्हणून गेमवाले शेवटच्या बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) वेळी वाट्टेल ते करायचे. इथे पैसे एकदाच दिलेत, तुला उगाच मारून त्यांना काय मिळणार, त्यामुळे गेम अवघड करायचा पण लबाडी करायची नाही हे त्यांना परवडतं.

अडकलास तर असिस्ट मोड आहे, गेमचा वेग कमी करता येतो आणि त्याबद्दल गेम कुठे हिणवत नाही. कीबोर्डवर खेळणार असशील तर सुरुवातीलाच बटणं बदलून घे, जुन्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर तीन चार कीज एकदम दाबल्या की एखादी लागतच नाही. मी आठवडाभर गेमला शिव्या घालत होतो आणि दोष निघाला कीबोर्डचा.

एका_हाताने_खेळते

माझं मत वेगळं आहे. रात्री एक वाजता दमून आलेल्या माणसाला सेलेस्ट? व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स घ्या. मी बाळंतपणाच्या सुट्टीत खेळायला लागले, मुलगी मांडीवर झोपायची, उजवा हात तिच्या डोक्याखाली आणि डावा अंगठा फोनवर. दोन हात लागणारा कुठलाच गेम तेव्हा शक्य नव्हता. यात बटणच नाही, फक्त चालायचं, शस्त्रं आपोआप सुटतात, सुरुवातीला अंतोनियोचा चाबूक असतो तो पण आपोआप फिरतो. आपण कुठे उभं राहायचं आणि लेव्हल वाढली की काय उचलायचं एवढंच आपल्या हातात. सहा शस्त्रं, सहा बाकीच्या वस्तू, आणि त्यांच्या जोड्या जमल्या की शस्त्र बदलतं, चाबूक पूर्ण वाढवला आणि सोबत होलो हार्ट असलं तर ब्लडी टिअर होतो आणि मारता मारता जीव पण भरून देतो. तीस मिनिटं झाली की साक्षात यम येतो, म्हणजे तुमचा अर्धा तास गेमनेच मोजून दिलाय.

लुका गलांते नावाच्या एका माणसाने हा सुरू केला, डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवट अवस्थेत स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आला आणि २०२३ ला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत बेस्ट गेम ठरला, समोर एल्डन रिंगसारखा मोठा गाजलेला गेम होता. फोनवर फुकट आहे, जाहिरात बघायची की नाही ते आपण ठरवायचं, मध्येच उगवत नाही. लॅपटॉपवर शेवटी शेवटी स्क्रीन शत्रूंनी भरून गेली की थोडा अडखळेल, एवढंच.

तिसरी_लाईफ

ताई, तुमची गोष्ट वाचून बरं वाटलं पण विचारणाऱ्याला जे पाहिजे ते व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्समध्ये नाही. मी चाळीस तास खेळलोय. पहिली दहा मिनिटं तुम्ही खेळता, हुशारीने वाट काढता, ते मान्य. नंतर तुम्ही नुसते उभे असता आणि आकडे उडत असतात. खेळताना मिळणारी बक्षिसाची पेटी उघडली की ते दिवे, ते संगीत, एक वस्तू निघते की तीन की पाच. गलांते आधी जुगाराच्या गेमच्या धंद्यात काम करायचा आणि ते त्या पेटीत दिसतं. मी रात्री तीन तीन वाजेपर्यंत खेळायचो आणि दुसऱ्या दिवशी काय खेळलो ते सांगता यायचं नाही, म्हणून काढून टाकला.

दादा तुम्ही डाऊनवेल घ्या. जपानच्या ओजिरो फुमोतोने केलेला, २०१५ चा. विहिरीत पडत जायचं, पायात बंदुकीचे बूट. डावं, उजवं आणि एक बटण, जमिनीवर तेच बटण उडी आणि हवेत तेच गोळी. गोळी मारली की पडायचा वेग कमी होतो, म्हणजे तीच बंदूक आणि तोच ब्रेक. गोळ्या संपल्या की कुठेतरी टेकायचं किंवा शत्रूच्या डोक्यावर पाय द्यायचा, लगेच भरतात. पण लाल दिसला त्याच्यावर पाय द्यायचा नाही, तो गोळीनेच. अख्ख्या गेममध्ये काळा, पांढरा, लाल एवढेच रंग म्हणून अर्ध्या सेकंदात कळतं कोणावर उडी मारायची. तुम्ही म्हणालात ना शत्रू दिसायच्या आधी मारतो, इथे ते होत नाही, ज्याच्यावर पाय द्यायचा नाही ते आधीच लाल दिसलेलं असतं.

आणि दहाच मिनिटं असतील त्या दिवशी सुपर हेक्सागॉन, टेरी कॅव्हनाचा, २०१२. मधे छोटा त्रिकोण, सगळ्या बाजूंनी भिंती आत येतात, डावीकडे उजवीकडे फिरून फटीतून निघायचं. त्यात सोपं असं काही नाहीच, सगळ्यात सोप्या लेव्हलला पण हार्ड लिहिलंय. साठ सेकंद टिकलात की ती लेव्हल जिंकलात. मला पहिली साठ सेकंदं करायला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी डोळे फटी शोधायचे, चौथ्या पाचव्या दिवसापासून भिंतींचे प्रकार ओळखू यायला लागले, हा आला की दोनदा डावीकडे, तो आला की अर्धा गोल, आणि मग बोटं आधी हलायची आणि मला नंतर कळायचं. असं शिकणं मला शाळा सुटल्यापासून मिळालं नव्हतं.

एका_हाताने_खेळते

पेटीबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं, ती मलाही खटकते आणि मी ते अ‍ॅनिमेशन नेहमी स्किप करते. पण आकडे उडतात हे पूर्ण खरं नाही. कमी जीव असलेलं पात्र घेऊन, लसूण (जवळ येणाऱ्याला आपोआप मारणारं शस्त्र) न घेता खेळून बघा, कुठल्या बाजूने गर्दी फोडायची हे पंचविसाव्या मिनिटालाही बघावं लागतं. आणि दमलेल्या माणसाला बोटं न शिणवता काहीतरी जिंकल्यासारखं वाटणं यात कमीपणा काय आहे? माझ्या त्या तीन महिन्यांत दिवसभरात पूर्ण झालेली एकच गोष्ट म्हणजे ती तीस मिनिटं असायची.

गोडो_कर्वेनगर

मी स्वतः सुट्टीच्या दिवशी एक छोटा गेम बनवतोय म्हणून फरक कशाने पडतो यावर थोडं. माझ्या गेममध्ये तलवार शत्रूला लागायची, त्याचा जीव कमी व्हायचा, कोडमध्ये सगळं बरोबर, पण ज्याला खेळायला दिलं तो म्हणायचा लागलंच नाही. मग व्लांबीअरच्या यान विलेम नाइमनचं स्क्रीन हलवण्यावरचं भाषण बघितलं, न्यूक्लिअर थ्रोन ज्यांनी केला ते. त्यात तो एक साधा गेम घेतो आणि नियम जवळपास तेच ठेवून एकेक गोष्ट वाढवत जातो, गोळी मोठी, बंदुकीला झटका, शत्रू मागे ढकलला जातो, मेलेला शत्रू तिथेच पडून राहतो, कॅमेरा हलतो. मी घरी येऊन तीनच गोष्टी केल्या. वार लागला की सगळं चार फ्रेम थांबवलं, शत्रू क्षणभर पूर्ण पांढरा केला आणि त्याला थोडा मागे ढकलला. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, या हिशेबाने चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. तोच मित्र परत खेळायला बसला आणि म्हणाला आता तलवारीला वजन आलं. मी तलवारीला हात पण लावला नव्हता.

या निमित्ताने राजी: ॲन एन्शंट एपिक पण सुचवतो, आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर (लोकांकडून पैसे गोळा करायची साइट) पैसे उभे करायचा प्रयत्न केला तो फसला तरी सोडलं नाही, ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर आणला, द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या इंडी (छोट्या स्वतंत्र टीमच्या) गेमसाठीच्या गटात नामांकन मिळालं. भाऊ गोलूला शोधायला निघालेली राजी, हातात त्रिशूळ, खांबाला धरून गरकन फिरत मारते, भिंतीवरून उलटी उडी घेते, आणि मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली. मारामारी मला जरा सैल वाटली, वार केल्यावर हाताला काही जाणवत नाही, वर सांगितलं तेच कमी पडलंय. पण राजस्थानी महालाच्या छतावर उभं राहून पहिल्यांदा सगळा देखावा समोर दिसतो तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. चाकणहून तासाच्या अंतरावर बनलेला गेम आहे हो! फक्त तुमच्या लॅपटॉपला हा झेपणार नाही, मित्राकडे खेळा.

खारी_आणि_चहा

एक राहिलं. टीव्हीला जोडून खेळणार असशील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लाव. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात उशिरा दाखवतो आणि मग वर सांगितलेला सेकंदाचा दहावा भाग टीव्हीच खाऊन टाकतो. आणि स्टीमवर घेतलास तर दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, पहिल्या रात्रीच कळेल हाताला बसतोय की नाही. ते दोन फुकट गेले म्हणालास, तेव्हा हे माहीत नसणार.

चाकण_सेकंड_शिफ्ट

नव्हतं माहीत. सगळ्यांचे मनापासून आभार, अकरा दिवसांनी लिहितोय कारण खेळत होतो.

सेलेस्ट आणि डाऊनवेल घेतले. सेलेस्टमध्ये पहिल्या चॅप्टरला २१४ वेळा मेलो, आकडा गेमच दाखवतो. कीबोर्डचं सांगितलंत ते फार उपयोगी पडलं, डॅशची (हवेत झटक्यात पुढे झेपावायची) की बदलली आणि तिरका डॅश लागायला लागला. एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती ती मला चौथ्या रात्री दिसली, मॅडलिनचे केस लाल असतात, डॅश वापरला की निळे होतात आणि जमिनीवर टेकली की परत लाल. तोपर्यंत मी मनात मोजत होतो डॅश उरलाय का. त्यानंतर नुसते केस बघायला लागलो आणि ज्या खोलीत दोन रात्री अडकलो होतो ती तिसऱ्या प्रयत्नाला सुटली. त्या खोलीत काटे होते तिथेच होते, मी बघत नव्हतो.

डाऊनवेल गाडीची वाट बघताना फोनवर खेळतो, दुसऱ्या भागाच्या पुढे अजून गेलेलो नाही. ताई, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स बायकोच्या फोनवर टाकून दिला, तिला रात्रपाळी असते वॉर्डमध्ये, सुट्टीच्या दिवशी पहिल्या बैठकीत तिने बावीस मिनिटं काढली आणि आता मलाच सांगते कुठलं शस्त्र कशाबरोबर घ्यायचं.

सेलेस्टच्या चौथ्या चॅप्टरला ती पाळण्यातून दरी ओलांडताना घाबरते आणि श्वासाबरोबर पीस वरखाली करत तरंगत ठेवायचं असतं, तिथे काल थांबलो. पीस वर गेलं की श्वास आत, खाली आलं की बाहेर, मी पण तसाच घेत होतो. आज परत तिथूनच सुरू करतो.